कपडे पाण्याला विचारून घाल

प्रिय सुहास,

थंडीत कयाक, म्हणजे वल्ह्याची ती निमुळती छोटी होडी, घेऊन पाण्यात उतरायचं तू मनावर घेतलंस, वाचून फार बरं वाटलं. फक्त ती कपड्यांची यादी फाडून टाक. जीन्स, सुती बनियन, वर जाड हुडी! सुती कापड भिजलं की पाणी धरून बसतं आणि अंगातली ऊब खात राहतं. अंगालगत लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं घाल.

ऊन छान पडलं म्हणून फसू नकोस. कपडे ठरवायचे ते पाणी किती गार आहे त्यावर. पाणी अंगातली उष्णता हवेच्या साधारण २५ पट वेगाने ओढून नेतं. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलास तर पहिला फटका श्वासाला बसतो. नकळत जोरात श्वास आत ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर संपलंच. जाणकार १-१०-१ असा हिशेब सांगतात: श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय नीट चालतात ती दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण तास. म्हणून लाइफ जॅकेट अंगातच हवं, कयाकमध्ये ठेवलेलं नको. छातीला ऊबही त्याचीच.

वेटसूट की ड्रायसूट, हे विचारलंस. वेटसूट म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट, त्यात थोडं पाणी शिरतं; ड्रायसूट पाणी आत येऊच देत नाही. पाणी थोडंफार गार असेल आणि किनारा जवळ असेल तर वेटसूट पुरतो. कडक थंडीत मी ड्रायसूटच म्हणेन, महाग असला तरी. मात्र तो फक्त कोरडं ठेवतो. ऊब आत घातलेल्या फ्लीसची. तो चढवताना मानेचा लेटेक्सचा पट्टा दोन्ही हातांनी ताणून डोकं आत घालावं लागतं, केस ओढले जातात, शिव्या येतात. चेन शेवटच्या दातापर्यंत लागली का ते दुसऱ्याकडून बघून घे. मग उकिडवा बस, गुडघे छातीशी आवळ आणि मानेच्या पट्ट्यात बोट घाल. आतली हवा फुस्स करून निघून जाते. ती राहिली तर पाण्यात सूट फुगतो आणि पोहणं अवघड होतं. निघण्याआधी किनाऱ्यालगत कमरेएवढ्या पाण्यात बसून बघ, कुठे गळत असेल तर तिथेच कळेल.

हातांसाठी पोगी, म्हणजे वल्ह्याला लावायचे मोजे, घे. ते वल्ह्याच्या दांड्यावरच बसतात, आत उघड्या हाताने पकड घट्ट राहते. स्प्रे स्कर्ट म्हणजे कमरेला घालून कयाकच्या बसायच्या जागेवर ताणायचं झाकण. त्याने मांडीवर पाणी येत नाही, पण त्याचा ओढायचा पट्टा बाहेर आहे ना, हे दर वेळी चाचपून बघ; कयाक उलटली तर तोच ओढून सुटायचं. हा माझा हट्ट समज.

वल्हवताना घाम येऊ देऊ नकोस, थांबलास की तोच गारठवतो. सुक्या कपड्यांचा एक जोड ड्राय बॅगेत, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, तोंड तीनदा गुंडाळून. थर्मासमध्ये गोड गरम चहा. दारू मात्र नको. अंग तापल्यासारखं वाटतं, पण कातडीकडे रक्त वाढून आतली उष्णता निघून जाते.

सूट विकत घेण्याआधी माझा घालून बघ, आपली उंची सारखीच आहे. पोटाचं मात्र तू बघ. कधी येतोस ते कळव.

तुझा,
मिलिंद