नव्या रंगाखालचा गंज

महोदय,

बडोद्याबाहेर एका मैदानाच्या कडेला दोन आसनांचे जुने ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान, कित्येक पावसाळे उघड्यावर उभे होते. आता त्याला पांढराशुभ्र रंग दिला आहे आणि मुलांना त्यातून उडवण्याची बोलणी चालली आहेत. मी ते जवळून पाहिले. उमेदीची सगळी वर्षे विमानांचे सांगाडे दुरुस्त करण्यात गेली, त्यामुळे गप्प बसवत नाही.

त्याचा सांगाडा वेल्ड केलेल्या पोलादी नळ्यांचा, वरून कापड. रिकामे असताना ते शेपटीवर टेकते, म्हणजे आत शिरलेले पाणी तिकडेच उतरते आणि साचते. तिथले निचऱ्याचे छिद्र कुंभारीण माशीने मातीने लिंपून टाकले होते. पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहिले, तर पुढच्या नळ्या खणखणीत वाजल्या, शेपटीजवळची खालची नळी बद्द. अशी नळी आतून खाल्ली जाते. बाहेरचा रंग शेवटपर्यंत चकचकीत राहतो.

ॲल्युमिनियमच्या ग्लायडरमध्ये तर तांबडा गंज दिसतच नाही. रंगाला बारीक फोड येतात, खाली पांढरी भुकटी निघते. पोलादी फिटिंग जिथे बसते तिथे ओल राहिली की आधी ॲल्युमिनियम जाते. २०१० साली ऑस्ट्रियात ब्लानिक एल-१३ या ॲल्युमिनियमच्या ग्लायडरचा पंख हवेत तुटला आणि जगभर त्या जातीची उड्डाणे थांबवावी लागली. तिथे दोष धातूच्या थकव्याचा, म्हणजे वारंवार ताण पडून धातूला भेग जाण्याचा होता, हे खरे. पण गंजाचा खळगा पडला की थकव्याची भेग तिथूनच लवकर सुरू होते.

ताडपत्री घातली होती, असे मला सांगण्यात आले. घट्ट आवळलेल्या ताडपत्रीखाली ओल कोंडते आणि उंदीर घरटी करतात. त्यांच्या मुतानेही ॲल्युमिनियम सडते.

संबंधितांना कळकळीची विनंती आहे. शेपटीकडचे कापड फाडा, नळ्यांची जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने मोजून घ्या, कंट्रोलचे दांडे बाहेर काढून पाहा. खराब नळी कापून नवी घाला. बाकीच्या पूर्ण सुकवून आत जवसाचे तेल फिरवा, निथळू द्या, मग तोंडे बंद करा. हे सगळे परवानाधारक इंजिनिअरसमोर होऊन त्याची सही पडेपर्यंत त्यात एकाही मुलाला बसवू नका.

– एक निवृत्त एअरफ्रेम फिटर, दांडिया बाजार, बडोदा