संज्या, सुहासला प्रतिवादी करायचं का?

पुणे, रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय संज्या,

चार महिने तुझा एकही फोन उचलला नाही, आधी त्याची माफी. आई बरी आहे, माझी शुगर आटोक्यात आहे. आता मुद्द्याचं.

सुहासला प्रमोशन मिळालं. मला नाही.

मार्चअखेरीस ऑर्डर निघाली, तोच पेढे घेऊन माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "अव्या, तुझं नाव पुढच्या पानावर असेल, बघ ना." पुढचं पानच नव्हतं रे.

आधीच्या प्रत्येक ज्येष्ठता यादीत मी त्याच्या वर आणि या यादीत एकदम अकरा जणांच्या खाली! माझी बदली झाली तेव्हा सेवापुस्तकाचा पहिला भाग गहाळ झाला, मग दुसरा नव्याने लिहिला आणि त्यात विभागीय परीक्षेच्या निकालाची तारीख न टाकता नोंद घेतली ती तारीख टाकली, म्हणजे कागदोपत्री मी मुदत उलटून गेल्यावर पास, म्हणून यादीत खाली. हे माहिती अधिकारात कागद मागवले तेव्हा कळलं. तात्पुरती यादी लागली तेव्हा मी आईपाशी हॉस्पिटलात होतो. तू फोनवर ओरडला होतास, "हरकत लेखी दे, पोच घे." मी म्हणालो, साहेब बघतो म्हणालेत. साहेब पुढच्या महिन्यात रिटायर झाले आणि दिवाळीआधी तीच यादी अंतिम झाली. तुझं ऐकायला हवं होतं.

आता शिवाजीनगरला एक वकीलबाई भेटल्यात, सर्व्हिस मॅटरच बघतात. त्या म्हणाल्या, प्रमोशन हा हक्क नाही, पण प्रमोशनसाठी आपला विचार होणं हा राज्यघटनेच्या कलम 16 खालचा मूलभूत हक्क आहे, सुप्रीम कोर्टाने 1999 मध्ये अजित सिंग प्रकरणात तसं स्पष्ट सांगितलंय. पण मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जायला मुदत एका वर्षाची, 1985 च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याचं कलम 21. आणि अर्जावर अर्ज देत बसलं तर मुदत वाढत नाही. मी तीन अर्ज देऊन उत्तराची वाट बघत होतो संज्या! दिवाळीआधी दाखल करायलाच हवं. पुण्यात मॅटचं बेंच नाही, त्यामुळे तारखेला पहाटेची सिंहगड पकडून मुंबई. जिंकलो तर मानीव दिनांक मिळेल, म्हणजे प्रमोशन तेव्हाच झालं असं धरतील, पण मागचा पगार मिळेलच असं नाही, काम केलं नाही तर वेतन नाही म्हणतात.

हे सगळं मी करीन. पण बाई म्हणाल्या, ज्याची जागा हलणार त्याला पार्टी करावंच लागतं, नाहीतर अर्ज तिथंच पडतो. म्हणजे सुहास प्रतिवादी. त्याच्या घरी मॅटची नोटीस जाणार, माझ्या सहीच्या अर्जाची. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर तिघं एका डब्यात जेवायचो, भाजी संपली की हा आमटीत पोळी बुडवून "प्रोटीन आहे रे" म्हणायचा. त्याची यात काय चूक? घराचे हप्ते चालू आहेत, पोरीचं लग्न ठरतंय. आणि गप्प बसलो तर माझी वीस वर्षं कारकुनाने चुकीची लिहिली तशीच राहणार. बायको म्हणते सुहासला आधी सांगा. मेहुणा म्हणतो अजिबात सांगू नका.

तू नोकरी सोडलीस तेव्हा सिंहगडावर मी तुला पळपुटा म्हणालो होतो, तू पिठलं-भाकरी तशीच टाकून खाली उतरलास. तो शब्द मागे घेतो. पण "या ऑफिसात माणूस हरवतो" म्हणालास ते मला अजूनही पटत नाही, मला हे काम आवडतं, म्हणून तर भांडतोय.

मी ठरवलंय, उद्या संध्याकाळी सुहासच्या घरी जाऊन स्वतः सांगणार. तू त्याला आधी फोन करू नकोस. माझ्या तोंडून कळू दे. तो चिडला तर मात्र तू बोल, तुझं तो ऐकतो.

ओवीला अकरावीला कुठं मिळालं? वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? नवीन फ्लॅटचे फोटो पाठव.

आणि एक. आपल्या विभागीय परीक्षेच्या निकालपत्रकात माझ्या खालीच तुझं नाव आहे, तू कागद कधी फेकत नाहीस. ट्रंकेत बघ, सापडलं तर फोटो लगेच पाठव आणि मूळ प्रत स्पीड पोस्टने. बाईंनी शुक्रवारपर्यंत मागितलीय.

तुझा,
अव्या