काकू, त्या दोन सकाळी तुम्ही मोटर लावली नाहीत

ती. स्व. काकूंना साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी दांडिया बाजारात तुमच्याकडे येऊन वाचून दाखवणारच आहे. पण त्याआधी चारचौघांसमोर मांडते आहे, कारण तुम्ही काय केलंत ते तुम्ही कुणाला सांगणार नाही. आम्हालाही सांगितलं नव्हतंत.

वाचणाऱ्यांसाठी थोडं आधीचं सांगते. आम्ही चौघं. नाचणारी माझी मैत्रीण, कॅमेऱ्यावर एक, आवाजावर एक आणि बाकी सगळ्याला मी. अकरा मिनिटांची फिल्म करायची होती, भरतनाट्यम बडोद्यात कसं आलं त्यावर. 1880 साली सयाजीराव महाराजांचं लग्न तंजावरच्या मोहित्यांच्या लक्ष्मीबाईंशी झालं, त्या म्हणजे पहिल्या चिमणाबाई. त्यांच्याबरोबर तंजावरचा ताफाही आला. नर्तकी, नट्टुवनार म्हणजे ताल धरून नाच शिकवणारे गुरू, वाजवणारे. त्यातल्या गौरा आणि कांतिमती ही नावं आम्हाला दुसऱ्याच वर्षी शिकवली होती. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर पुढे बडोद्याच्या विद्यापीठात, आमच्याच नृत्यविभागात नाच शिकवत होते. एवढं ठाऊक असूनही आम्ही त्या बायकांचा विचार कधी केला नव्हता. मुलुख परका, गावातली भाषा परकी, आणि रोज पहाटे उठून तोच तत्तडवु, पाऊल आपटायचा पहिला धडा. तंजावरला पूर्वी भोसल्यांचं राज्य होतं, दरबारात मराठी चालत होती, म्हणून कानावर थोडी मराठी पडलेली असेलही. तरी बडोदं त्यांना किती लांब वाटलं असेल!

सगळे म्हणाले, राजवाडा दाखवा, लक्ष्मी विलास दाखवा. मला राजवाडा नको होता. मला दगडी चौक हवा होता, जिथे पाऊल आपटलं की आवाज भिंतीवर जाऊन परत येतो.

तो चौक मिळवायला आम्ही सहा आठवडे हिंडलो. एका ठिकाणी तीन वेळा अर्ज दिला, दोनदा त्यातली भाषा बदलून घेतली, “हो, या” असं ऐकलं. शूटिंगच्या आदल्या रात्री फोन उचलला नाही आणि सकाळी दाराला कुलूप होतं. दुसऱ्या एका वाड्याच्या मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “नाचणारी मुलगी चांगल्या घरातली आहे ना?” माझी मैत्रीण शेजारीच उभी होती. तिची अकरा वर्षं या नाचात गेली आहेत. ती काही बोलली नाही, चपला घालून रस्त्यावर आली आणि रावपुऱ्यापर्यंत आम्ही दोघी गप्प चालत होतो. गौरा आणि कांतिमतींनी हा प्रश्न किती वेळा ऐकला असेल, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. त्या गृहस्थांवर माझा अजून राग आहे. तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

तुमच्या दारात आम्ही पाणी मागायला थांबलो होतो. एप्रिलची दुपार, दोन वाजलेले. तुम्ही तांब्या आणलात आणि “काय शोधता गं एवढ्या उन्हात?” म्हणालात. मी सांगितलं. तुम्ही आत बोलावून चौक दाखवलात. “बघा चालतो का. शांतीनं करा, काही वांधा नाही.” अर्ज नाही, भाडं नाही, कोणाच्या घरातली हे तर नाहीच. तुम्ही फक्त तिच्या पायांकडे बघून विचारलंत, “दगडावर नाचून गुडघे दुखत नाहीत का गं?”

शूटिंग कसं झालं ते लिहीत बसत नाही. तीन सकाळी आलो, साडेसहाला सुरू, ऊन कौलांवरून चौकात उतरायच्या आत आटोपतं घ्यायचं. मला पहिल्या सकाळबद्दल लिहायचं आहे.

फिल्मच्या शेवटी संगीत नाही. नुसती पावलं, चाळ आणि ताल धरायच्या काठीचा ठोका. ते तिथेच, त्याच वेळी घ्यायचं होतं. नंतर स्टुडिओत चाळ हलवून चिकटवलेला आवाज मला नको होता. आणि पहिल्याच टेकला, पावणेसातच्या सुमारास, पाण्याची मोटर सुरू झाली. नळाला पाणी येण्याची तीच वेळ. आमच्या आवाजवाल्याने माइक जमिनीपाशी धरला होता, त्याने हेडफोन काढून मान खाली घातली. मोटरची घरघर नेमकी पावलाच्या ठोक्याच्याच खालच्या सुरात बसते. नंतर ती गाळायला गेलं तर पाऊलही पोकळ होऊन जातं, थाळीवर टिचकी मारल्यासारखं. त्याने हे मला हळूच सांगितलं. काकूंना काही सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं. ज्यांनी घर दिलं त्यांना पाणीही भरू नका म्हणायचं? बघू नंतर काहीतरी.

तुम्ही वरच्या सज्जात तुळशीपाशी उभ्या होतात. तुम्ही एवढंच विचारलंत, “तो कानातलं काढून का बसला?” मी म्हटलं, काही नाही काकू, दमलाय.

दुसऱ्या दिवशी मोटर लागली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आम्हाला वाटलं, आपलं नशीब, पाणीच आलं नसेल.

तिसऱ्या दिवशी सगळं झाल्यावर मैत्रीण आलता धुवायला मोरीत गेली. नळ सोडला तर दोनदा खाकरला आणि बंद. तेवढ्यात तुम्ही जिन्यावरून आलात, एका हातात कळशी, दुसऱ्या हाताने कठडा धरलेला. “थांब, नीट धू, टाचेला राहिलंय,” म्हणत तिच्या पायांवर स्वतः पाणी ओतलंत. तांब्यामागून तांब्या.

खालच्या बिऱ्हाडातल्या ताईंनी जाताना आम्हाला सांगितलं. त्यांचा नळ खाली आहे, धार बारीक येते पण मोटरीशिवाय भरतं. तुम्ही त्यांनाही मोटर लावू दिली नव्हतीत. गच्चीवरची टाकी दोन दिवस कोरडी होती आणि तुम्ही ताईंकडून कळशा भरून घेऊन अठरा पायऱ्या चढत होतात. ते गुडघे घेऊन. एप्रिलमध्ये. आणि त्यातलं पाणी तिच्या पायांवर.

मी रिक्षात बसून रडले, काकू. मैत्रीणही.

चहा-पोहे खूप जण देतात, त्यांचेही उपकार आहेत. पण समोरच्याने न सांगितलेली अडचण ओळखायची, आपल्या घरातली सोय बंद करून ती दूर करायची आणि वर त्याला पत्ताही लागू द्यायचा नाही, हे मी माझ्या बावीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. तुम्हाला फिल्ममधलं काही कळत नाही असं तुम्ही तीनदा म्हणालात. पण एका मुलाने हेडफोन काढले आणि तुम्हाला सगळं कळलं. ज्यांच्याकडे हॉल होते, शिक्के होते, लेटरहेडं होती, त्यांना आमचं सहा आठवडे बोलूनही कळलं नव्हतं. माणसाची सभ्यता शिक्षणात किंवा पदात असते असं मला लहानपणापासून वाटायचं. आता मी ती माणूस समोरच्याकडे किती लक्ष देऊन बघतो यात शोधते. आणि अशी माणसं या जुन्या गल्ल्यांमध्ये अजून आहेत, दार लोटलं की भेटतात.

फिल्म झाली आहे. शेवटचा तुकडा एक मिनिट चाळीस सेकंदांचा आहे. त्यात ती गुडघे बाजूंना वाकवून अरमंडीत बसते, पहिलं पाऊल पडतं आणि तुमच्या चौकाच्या चारही भिंती उत्तर देतात. अगदी बारकाईने ऐकलं तर वरून तुमच्या बांगड्यांचा एक आवाज येतो. आवाजवाला म्हणाला, काढू का? मी नको म्हटलं.

नावांच्या यादीत तुमचं नाव घालायचं म्हटलं तर तुम्ही म्हणालात, “माझं कशाला, खालच्यांचं टाक, त्यांनी भरून दिलं.” दोन्ही टाकली आहेत. तुमचं आधी.

शनिवारी संध्याकाळी सहाला विभागात दाखवणार आहोत. पायऱ्या नाहीत, मी बघून ठेवलं आहे. साडेपाचला रिक्षा घेऊन येते. खालच्या ताईंनाही सांगून ठेवा.

तुमची,
चौकातली मुलगी