चौथा बोअर घेण्याआधी

केपटाऊन

तीर्थस्वरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

औशाची विहीर आटली म्हणून तुम्ही आणि काकू इंदूरला आलात, हे आईने फोनवर सांगितलं. रामबागेत नळाला दिवसाआड पाणी येतं, तरी तुम्ही म्हणे "तुमची काय मजा आहे, नर्मदा आहे" म्हणालात. आणि पावसाळ्याआधी गावी परतून चौथा बोअर घ्यायचा बेतही बोलून दाखवलात. तुमच्याशी फोनवर वाद घालायची माझी टाप नाही, म्हणून लिहिते.

दुष्काळ मराठवाड्याच्या कपाळीच लिहिलाय, असं तुम्ही नेहमी म्हणता. इथे राहून मला ते पटेनासं झालंय. या शहराला पाऊस मिळतो तो यांच्या थंडीत, म्हणजे साधारण मे ते ऑगस्ट. 2015 ते 2017 अशी सलग तीन वर्षं त्याने दगा दिला. 1 फेब्रुवारी 2018 पासून माणशी दिवसाला 50 लिटरची मर्यादा आली. धरणांतला साठा साडेतेरा टक्क्यांवर उतरला की घरोघरचे नळ बंद आणि रांगेत उभं राहून माणशी 25 लिटर, असं ठरलं. त्या दिवसाचं नाव 'डे झिरो'. माझ्या घरमालकीणबाई आजही शॉवरखाली बादली ठेवून अंघोळ करतात आणि ते साबणाचं पाणी संडासात ओततात. काकू हसेल, तिला यात काय नवल! नवल एवढंच की इथे तरणतलाव असलेल्या बंगल्यांतही हे करावं लागलं. ग्राबो-एल्गिनकडच्या सफरचंदवाल्या बागायतदारांनी तर आपल्या खाजगी तळ्यांतलं सुमारे एक हजार कोटी लिटर पाणी शहरासाठी सोडून दिलं. पुढे पाऊस झाला आणि तो दिवस टळला. याच शहरातल्या खायेलित्शाच्या झोपडपट्टीत मात्र लोक आधीही सार्वजनिक नळावर रांगेत होते, आजही आहेत. त्यांच्या डे झिरोची बातमी कुणी केली नाही.

पाऊस का चुकतो, याचं उत्तर पुष्कळदा दूर प्रशांत महासागरात असतं. तिथलं पाणी तापलं, एल निनो आला, की आपला मान्सून लंगडतो आणि आफ्रिकेचा दक्षिण भागही कोरडा पडतो. 2024 मध्ये आफ्रिकेत तेच झालं. झांबियात करिबा धरणातलं पाणी खाली गेलं आणि तिथली बहुतेक वीज पाण्यावरची, त्यामुळे देशभर अंधार. नामिबियाने लोकांना मांस मिळावं म्हणून 723 वन्य प्राणी मारायचं जाहीर केलं, त्यात 83 हत्ती. त्याच्या आदल्या वर्षी पनामा कालव्याला पाणी देणारं गाटून तळं उतरलं आणि जहाजांची संख्या कमी करावी लागली. म्हणजे पाऊस तिकडे पडला नाही आणि माल अडकला सगळ्या जगाचा.

पण काका, मध्य आशियातल्या अराल समुद्राचं काय? तिथे पावसाने काही केलं नव्हतं. 1960 नंतर सोव्हिएत सरकारने अमू आणि सिर या दोन्ही नद्या कापसाच्या शेतांकडे वळवल्या आणि आख्खा समुद्र आटत गेला. मासेमारीच्या होड्या वाळूत रुतून गंजल्या. इथे धरणांच्या डोंगरांवर बाहेरून आलेली पाइन, निलगिरी, वॅटल अशी झाडं पाणी पितात म्हणून माणसं लावून तोडतात. मांजरेच्या काठी तेच काम आपला ऊस करतो. रागवू नका, पण 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून रेल्वेने पाच लाख लिटर पाणी लातूरला आलं, त्या हंगामातही जिल्ह्यात ऊस गाळला गेलाच होता ना?

बोअरचंही तसंच. आपल्याखाली काळा पाषाण. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि फटींत. त्याखाली दगड लागला की सातशे फूट जा नाहीतर हजार, धूळच उडायची. आणि एखादी फट लागलीच, तर ते पाणी शेजारच्या विहिरीतूनच येणार. तिसऱ्या बोअरनंतर आबांची विहीर बसली, हे तुम्हीच सांगितलं होतंत.

तुम्ही इंदूरला आहातच, तर एक करा. दादाला गाडी काढायला सांगा आणि देवासला जाऊन या, तासाभराचा रस्ता. माळव्याला पावलोपावली पाणी म्हणतात, त्याच माळव्यातल्या देवासला 1990 मध्ये इंदूरहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. कूपनलिकांनी जमीन उपसली होती. पुढे 2006 पासून तिथल्या शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात तळी खोदली, आपल्या जमिनीचा तुकडा त्यात घालून. आपल्याकडे प्लॅस्टिक अंथरून त्यात बोअरचंच पाणी भरतात, तसली नव्हे हं. वाहून जाणारा पाऊस अडवणारी. एखाद्या तळ्याच्या बांधावर बसून मालकाला विचारा: किती जमीन गेली, खर्च किती, रब्बीला पाणी कुठवर पुरतं, हरभरा किती होतो. तुम्ही विचाराल तसं मला विचारता येणार नाही.

हिशेब जुळला नाही तर खुशाल बोअर घ्या, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. फक्त मशीनवाल्याला विसार त्याआधी देऊ नका. काकूला नमस्कार, आणि रात्री सराफ्यात खायला नेल्याशिवाय दादाला सोडू नका म्हणावं.

आपली,
मनू