देवीची कमान आणि पंचायतीची घरपट्टी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ग्रामसभेत मी कमानीच्या ठरावाला आडवा आलो ही बातमी पुण्यापर्यंत पोचली, आणि तू सरळ विचारलंस, "देवीच्या कामाला विरोध करायचं तुला काय सुचलं?" फोनवर बोललो असतो तर आवाज चढले असते. म्हणून कागदावर लिहितो. निवांत वाच.

आधी काय घडलं ते. लक्ष्मी यात्रा ठरली आहे. देवस्की पंच कमिटीने, म्हणजे गावची देवकामं बघणाऱ्या पंचांनी, घरटी वर्गणी लावली, रथाच्या लाकडाचं बघितलं, गदगेची, म्हणजे यात्रेत देवी बसते ती, जागा साफ करून घेतली. तेवढ्यात ग्रामसभेत कुणीतरी मांडलं की वेशीतली देवीची कमान पंचायतीच्या पैशातून बांधू, म्हणजे वर्गणीवर भार पडणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून म्हटलं, माझ्या नावावर वर्गणी दुप्पट लिहा, पण घरपट्टीच्या पैशाला हात लावू नका. एवढंच बोललो. त्याचं "देवीला विरोध" कसं झालं ते गावालाच माहीत.

गड्या, देवीशी माझं वाकडं नाही हे तुला सांगायला नको. यात्रेआधी गाव वार पाळतो तेव्हा मंगळवारी-शुक्रवारी शिवारात औत दिसत नाही. त्यासाठी तहसीलदाराचा हुकूम नसतो की पोलिसाचा पहारा नसतो. माहेरवाशिणी कुठून कुठून येतात, सुताराचा हक्क, पोतराजाचा मान, सगळं ज्याचं त्याला पोचतं. पिढ्यान्‌पिढ्या हे सरकारच्या पैशावाचून चाललं. मग आताच देवीला पंचायतीच्या पावतीपुस्तकाचा आधार कशाला हवा?

आणि ते पावतीपुस्तक कुणाकुणाच्या नावाने फाटतं ते बघ. मोहल्ल्यातली घरं घरपट्टी भरतात, लिंगायत गल्ली भरते, जैनांची घरं भरतात, आणि ज्याने देवच मानणं सोडलं तोही भरतो. घटनेच्या २७व्या कलमात लिहिलं आहे की एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी राखून ठेवलेला कर भरण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही. तू वकिली वाचलेला, म्हणशील की २०११ साली हज अनुदानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ सैल लावला, कराचा मोठा हिस्सा धर्मावर गेला तरच कलम मोडतं असं म्हटलं. बरोबर आहे. न्यायालयात आमची कमान कदाचित टिकेलही. पण मोहल्ल्यातल्या माणसाने घरपट्टी भरताना काय समजायचं, हा प्रश्न न्यायालयाचा नाही, तुझा-माझा आहे.

आता खरं सांगायचं ते. आपण बेळगावकडच्या सीमाभागातली मराठी माणसं, भाषेने अल्पसंख्य आणि धर्माने बहुसंख्य. दोन्ही बाजू आपण एकाच अंगावर वागवतो. १ नोव्हेंबर १९५६ ला आपला मुलूख मुंबई राज्यातून म्हैसुरात गेला तेव्हापासून कचेरीच्या खिडकीपुढे उभं राहून परकं वाटणं म्हणजे काय हे आपल्या वडिलांना कळलं, आपल्याला कळलं. अर्ज कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये, सातबाऱ्याच्या जागी आलेला उतारा कन्नडमध्ये. म्हातारी माणसं तो कागद उलटा-सुलटा धरून शेजाऱ्याला वाचायला द्यायची. जिथे भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून जास्त आहेत तिथे कागद त्यांच्या भाषेत मिळावेत म्हणून आपण किती वर्षं निवेदनं देतो आहोत. त्या खिडकीवर बसलेल्या माणसाने "हे राज्य आमचं, तुम्ही जुळवून घ्या" असं म्हटलं की आपल्या मस्तकात तिडीक जाते. मग तेच वाक्य आपण मोहल्ल्यातल्या माणसाला ऐकवायचं?

आणि यात एक फरक आहे, तो मला फार मोठा वाटतो. सरकारला कुठली तरी भाषा बोलावीच लागते. मुकं सरकार चालत नाही. म्हणून भाषेच्या बाबतीत पुरी तटस्थता कधी मिळणार नाही, मिळाला तर थोडा न्याय मिळेल. पण सरकारला कुठलाच देव पुजावा लागत नाही. दाखला द्यायला, रस्ता करायला, रेशन वाटायला देव्हारा लागत नाही. जिथे सगळ्यांना सारखं वागवणं खरोखर शक्य आहे तिथेच आपण ते नाकारलं, तर भाषेचं गाऱ्हाणं कुठल्या तोंडाने मांडायचं?

निवडणुकीचं तुला माहीत आहे. आदल्या रात्री गल्लीत बेल-भंडारा फिरतो. देवळात नेऊन हातावर भंडारा ठेवतात आणि अमक्यालाच मत देईन अशी शपथ घालतात. आपल्या भागात हे सगळ्या पक्षांनी केलं आहे, मराठी माणसांनीही. मला याची मनापासून चीड येते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३व्या कलमात, मतदाराला दैवी कोपाची भीती घालणं हा गैरप्रकार म्हणून स्पष्ट लिहिला आहे. मत गुप्त ठेवायचं म्हणून पेटीला पडदा लावायचा, आणि पडद्याआड देवीला पहारेकरी म्हणून बसवायचं! बाईमाणसं तर दुसऱ्याला मत दिलं म्हणून पोराला काही होईल या धास्तीने वर्षभर झुरतात. त्याच कलमात धर्माबरोबर भाषेच्या नावावर मत मागायलाही बंदी आहे, म्हणून आपल्या लोकांना त्या कलमाची धास्ती वाटते. ती नको. भाषा टिकवण्यासाठी झटू असं सांगणं हा गैरप्रकार नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच दिला आहे.

तू लिहिलंस, "मग सौंदत्तीच्या यल्लम्माचं काय? तिथे सरकार देवळात शिरलंच आहे." हा तुझा मुद्दा सगळ्यांत भक्कम, आणि त्यावर मी बराच विचार केला. यल्लम्माचा डोंगर मुजराई, म्हणजे सरकारच्या देवस्थान खात्याच्या कारभाराखाली आहे, दानपेटी सरकारी माणसांच्या देखरेखीत मोजली जाते. घटनेच्या २५व्या कलमाने देवस्थानाच्या आर्थिक व्यवहारावर लक्ष ठेवण्याची मुभा सरकारला दिली आहे. पैशाचा हिशेब हा धर्म नव्हे, तो तपासायलाच हवा, मग देऊळ असो, दर्गा असो, चर्च असो. पण माझ्यासाठी सौंदत्तीचा धडा दुसराच आहे. त्याच डोंगरावर देवीच्या नावाने पोरी देवदासी म्हणून सोडल्या जात होत्या. मुंबई इलाख्यात १९३४ ला त्याविरुद्ध कायदा झाला, तेव्हा बेळगाव त्याच इलाख्यात होतं. पुढे १९८२ ला कर्नाटकाने आपला कायदा केला. त्या वेळी सरकार धर्मात पडलं म्हणून मी कधी हळहळलो नाही, आणि तूही हळहळणार नाहीस. पोरीच्या गळ्यात दर्शन, म्हणजे देवीला वाहिल्याची माळ, घालून तिचं आयुष्य कुणी लिहून घेत असेल तर तिथे सरकारने दार ठोठावलंच पाहिजे. माणसाच्या हक्कावर घाला येतो तिथे आत यायचं, आणि पूजा-प्रार्थनेच्या वेळी बाहेर थांबायचं. पुजारी नेमणं, उत्सवाचे मुहूर्त बघणं, हे काम सरकारी अधिकाऱ्याचं आहे असं मला अजूनही पटत नाही. इथे तुझं-माझं जमेल.

उलट बाजूचंही सांगतो, म्हणजे मी एकतर्फी वाटणार नाही. हलगा-बस्तवाडच्या माळावरच्या सुवर्ण विधानसौधमध्ये २३ डिसेंबर २०२१ ला विधानसभेने धर्मांतराविरुद्धचं विधेयक मंजूर केलं. फसवून किंवा धाक दाखवून धर्म बदलायला लावू नये, हे कोण नाकारेल? पण त्यात स्वखुशीने धर्म बदलणाऱ्यानेही महिनाभर आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं होतं, आणि त्यावर लोकांच्या हरकती मागवायची तरतूद होती. मी कुणापुढे हात जोडावेत यावर शेजाऱ्याने कचेरीत हरकत घ्यायची! १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनी दीक्षा घेतली, त्यांनी एकेकाने अर्ज भरून महिनाभर वाट बघितली असती का, याचा तू विचार कर.

एस. आर. बोम्मई आपल्या शेजारचे, हुबळीकडचे. त्यांचं सरकार १९८९ ला बरखास्त झालं, त्यावरून खटला उभा राहिला, आणि १९९४ ला नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं की धर्मनिरपेक्षता हा घटनेच्या मूळ चौकटीचा भाग आहे, राज्याच्या ऐहिक कारभारात धर्म मिसळता येत नाही. देशभर ज्या निकालाचा दाखला देतात त्यावर आपल्या भागातल्या माणसाचं नाव आहे, याचा मला अभिमान वाटतो.

एसटी डेपोत खंडेनवमीला ड्रायव्हर आपल्या गाडीला हार घालतो त्याबद्दल तू विचारलंस. मला त्यात काही वावगं वाटत नाही. त्याचा हार, त्याचं कुंकू, त्याची भावना. कॉलेजात मुलीने डोक्यावर रुमाल बांधला तर तेही मला तसंच वाटतं. विद्यार्थिनी म्हणजे सरकार नव्हे. पण डेपोतल्या सगळ्यांच्या पगारातून न विचारता पूजेची पट्टी कापली, तर माझा विरोध असेल.

ठराव पुढच्या ग्रामसभेवर ढकलला आहे. पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, साहेबांना मी लेखी देणार आहे: यात्रेसाठी पंचायतीने पाण्याचे टँकर, संडास, दिवे, रस्त्यावरचे खड्डे आणि दवाखान्याची गाडी एवढं बघावं, कारण तहान आणि आजारपण सगळ्या जातीधर्माच्या पाहुण्यांना सारखं. उरुसालाही तेवढंच द्यावं. कमान मात्र वर्गणीतून. मोहल्ल्यातल्या कुणाला आपणहून वर्गणी द्यावीशी वाटली, तर ती मानाने घ्यावी, आणि नाही दिली तर विचारू नये. कमिटीतल्या तरुण पोरांपैकी काहींना हे पटलं आहे. बाकीच्यांशी अजून बोलायचं आहे, आणि त्यांच्यात तुझा धाकटा भाऊ आहे. त्याला तू एक फोन कर. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
गावाकडचा मित्र