पत्रिकेत नाव नसलेल्यांचे आभार

तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवरील राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धेत पडद्याआड राबलेल्यांचे मनापासून आभार. समईच्या वाती तेलात भिजवून टोकांना कापूर लावणाऱ्यांचे. नाहीतर पाहुण्यांच्या हातातली मेणबत्ती वितळते, वात काही पेटत नाही! प्रत्येक रायफलीच्या नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे बंदूक रिकामी असल्याची रंगीत खूण, आहे ना, हे वाकून पाहणाऱ्यांचे.

पदकांच्या टेबलावरच्या मंडळींचे जरा जास्तच. एअर पिस्तूलला गुण समान झाले, की आधी आतले दहा, म्हणजे दहाच्या वर्तुळातल्या सर्वांत आतल्या छोट्या वर्तुळात लागलेले नेम, मोजतात. कच्चा निकाल लागल्यावर हरकतीची १० मिनिटे सरेपर्यंत त्यांनी एकही सांघिक नाव पुकारू दिले नाही. घाईत गळ्यात घातलेले पदक परत मागणे फार वाईट दिसते. फिती विंचरून, पदके ताटात क्रमाने मांडणाऱ्या ताईंचेही आभार.