चि. मनूस

काळाचौकी,
मंगळवार, रात्री पावणेबारा

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तुझं बैरूतचं विमान सुटून दोन तास झाले. आई झोपली आहे, म्हणजे भिंतीकडे तोंड करून पडली आहे. मी गॅलरीत खुर्ची टाकून लिहितोय. दादा उद्या याचा फोटो काढून तुला पाठवेल. वाचू नकोस म्हणून बजावलंय त्याला, पण वाचणारच.

एअरपोर्टवर मी धड बोललो नाही. ट्रॉलीचं चाक अडकतंय, एवढंच दोनदा म्हणालो. डोक्यात रविवारचं होतं. जेवता जेवता तू तुझ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेचं सांगत होतीस आणि मी म्हणालो, पंधरा जण बसतात, त्यातल्या कायमच्या पाचांपैकी एकानं नाही म्हटलं की सगळं ठप्प. आपल्या चाळीच्या पुनर्विकासालासुद्धा एक्कावन्न टक्के लागतात. दादा हसला. तू नाही हसलीस. "बाबा, पाच जण अडवतात म्हणून उरलेल्या 188 देशांनी घरी बसायचं का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की मी आवाज चढवतो, हे तुला दुसरीत असल्यापासून माहीत आहे. मग मी तो प्रश्न विचारला. तिकडे कुणी रस्त्यात अडवून नाव विचारलं तर काय सांगशील? तू म्हणालीस, "नावच सांगीन. दुसरं काय सांगणार?" आणि मी ताटावरून उठलो.

तो विषय आज काढणार नाही.

तू टेबलावर विसरलेली फाइल वाचली. (विसरलीस की माझ्यासाठी ठेवलीस, ते तुलाच माहीत.) पेन्सिल घेऊन बसलो, टॅली शीट तपासायचो तसा. एवढासा तो लेबनॉन देश, आणि सरकारदप्तरी मान्य पंथ अठरा. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी, संसदेचा सभापती शिया, हे 1943 साली तोंडी ठरलं आणि आजतागायत चालू आहे. शेवटची शिरगणती 1932 ची! त्यानंतर डोकी मोजलीच नाहीत. अडतीस वर्षं गोदीत माल मोजण्यात गेली माझी. जिथे कुणी मोजू देत नाही तिथे माल कमी भरणार, हा आमचा ठोकताळा. इथे मात्र मोजलं तर वाटण्या बदलतील आणि भांडण होईल, म्हणून सगळ्यांनी मिळून वही मिटून ठेवली आहे. तू याला कसलासा शब्द सांगितला होतास, पंथवार सत्तावाटप की काय. मला ते एकत्र कुटुंबातल्या जमिनीसारखं वाटलं. आपल्या नानांच्या आणि काकांच्या वाटणीसारखं. सातबारा काढायचा नाही, म्हणजे सण एकत्र होतात.

दुसऱ्या धर्मातलं लग्न करायचं तर लोक सायप्रसला जाऊन नोंदवतात म्हणे. हे आईला सांगू नकोस, तिला उगाच कल्पना सुचतात.

बंदराच्या पानावर मात्र मी बराच वेळ थांबलो. 4 ऑगस्ट 2020, बैरूतच्या बंदरातला स्फोट. 2,750 टन अमोनियम नायट्रेट, सहा-सात वर्षं शेडमध्ये पडून. असा माल मला ठाऊक आहे. जहाज अडकतं, मालक तोंड लपवतो, कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर जातो, आणि बेवारस पोती शेडच्या कोपऱ्यात तशीच राहतात. रोज त्यांच्यावरून नजर जाते, त्यामुळे ती दिसेनाशी होतात. दोनशेच्या वर माणसं गेली. आजोबा आपल्या गोदीतल्या 1944 च्या स्फोटाचं सांगायचे ते आठवतं ना? 14 एप्रिल, फोर्ट स्टिकाइन, एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा. ते तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. म्हातारपणीही दिवाळीत पहिला बॉम्ब वाजला की आत येऊन बसायचे. तर बंदराच्या बाजूला घर घेऊ नकोस. भाडं कमी असेल तरी नको. खिडकीला काच मोठी असेल तर पलंग तिच्यापासून लांब. पाणी उकळून. रात्री एकटी टॅक्सी नाही. कुणाच्या मोर्च्यात, मग तो कितीही चांगल्या कामासाठी असो...

बघ, सुरू झालो. सोड. तू सत्तावीस वर्षांची आहेस आणि यातलं सगळं तुझ्या संस्थेनं तीन दिवस बसवून शिकवलंय, माझ्यापेक्षा नीट.

दक्षिणेत संयुक्त राष्ट्रसंघाचं जे शांतिसैन्य आहे, ते 1978 साली पाठवलं, आणि त्याच्या नावातच 'अंतरिम' आहे, हे वाचून मला हसू आलं. आपल्या ट्रान्झिट कॅम्पसारखं. तात्पुरतं म्हणून गेलेल्यांची नातवंडं तिथेच शाळेत जातात. 1998 पासून आपल्या पलटणीही तिथे आहेत, तेवढा मला धीर होता. आता 2026 च्या डिसेंबरअखेर ते गुंडाळायचं सुरक्षा परिषदेनं ठरवलंय. नेमकं आत्ताच. आणि या वेळी पाचांतल्या कुणीही आडवा हात घातला नाही, हेही लक्षात आलं माझ्या.

मग ते पान आलं. यादवी, 1975 ते 1990. तू पिवळी रेघ मारली आहेस त्यावर. 6 डिसेंबर 1975, बैरूतमध्ये रस्ते अडवून ओळखपत्र बघायचे, त्यावरचा धर्म बघायचे आणि माणूस बाजूला घ्यायचे. तारीख मी पुन्हा वाचली. 6 डिसेंबर म्हटलं की आपल्याला दादरची चैत्यभूमीची रांग आठवते, आणि 1992 नंतर दुसरंही आठवतं. त्यांच्याकडे हे आमच्या आधी सतरा वर्षं होऊन गेलं होतं.

आता काढतोच तो विषय.

चाचांचा किस्सा तुला पाठ आहे. आई पाहुण्यांना सांगते तो, माझी हुशारी म्हणून. जानेवारी 93, बस बंद, मी आणि चाचा गोदीतून चालत निघालो. रे रोडच्या पुलाच्या अलीकडे आठ-दहा पोरांनी अडवलं. एकाच्या हातात सळी होती, दुसऱ्याच्या हातात क्रिकेटची स्टंप. नाव विचारलं. मी सांगितलं, आडनाव जरा जोरातच. मग बोट चाचांकडे वळलं, आणि मी म्हणालो, माझा मेहुणा आहे, मुका आहे. चाचांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड मिटून मान हलवली. सोडलं आम्हाला. इथे आई थांबते आणि पाहुणे "वा" म्हणतात.

पुढचं ती सांगत नाही, कारण तिला ते तसं दिसलंच नाही. पूल मागे पडला तरी चाचा बोलले नाहीत. घरी आले, तीन रात्री आपल्याकडे राहिले, आईनं केलेली खिचडी खाल्ली, ताट स्वतः विसळलं, एक शब्द नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "अब बोलूँ क्या?" आई हसली. मीही हसलो. ते हसले नव्हते, मनू. त्याच वर्षी त्यांनी बिऱ्हाड मुंब्र्याला हलवलं. ईदचा शीरखुर्मा दरवर्षी आला, तू तो पातेल्यातून बोटानं चाटून मोठी झालीस, पण त्याआधी क्रेनवर बसून दिवसभर गाणी म्हणणारा माणूस माझ्याशी पुढे मोजकंच बोलत गेला.

म्हणून मी ताटावरून उठलो. तू म्हणालीस, तिकडच्या अठरांत माझा पंथच नाही, मला कोण काय करणार? बरोबर आहे. तुला नाव विचारलं तर तुझं नाव चालून जाईल. माझंही चाललं होतं. मला काळजी तुझ्या गाडीत बसलेल्यांची आहे. तुझा ड्रायव्हर, तुझी दुभाषी मुलगी, त्यांची नावं त्या अठरांतल्या कुठल्या ना कुठल्या खान्यात पडणारच. अडवणारा तुला बघून मान हलवेल आणि मग बोट त्यांच्याकडे वळवेल. त्या वेळी तू काय करशील ते मला माहीत आहे, कारण तू माझीच मुलगी आहेस. काहीतरी सुचेल आणि तू बोलून मोकळी होशील. तेवढं करू नकोस. पहिल्याच आठवड्यात, चहा पिताना, दोघांना विचारून ठेव की अशी वेळ आली तर तुमच्याबद्दल मी काय सांगू. मी चाचांना विचारलं नव्हतं. तेवढा वेळच नव्हता म्हणतो मी सगळ्यांना, पण गोदीच्या गेटपासून तिथपर्यंत आम्ही चांगले अर्धा तास चाललो होतो, आणि क्रिकेटवर बोलत होतो.

तुझ्या कपाटाच्या दारावर डकवलेला मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा कागद आईनं काढू दिला नाही. त्यावर पेन्सिलीनं तू दोन नावं लिहिली आहेस. पहिल्या कलमापाशी हंसा मेहता, आपल्या मुंबईच्या विधिमंडळात होत्या त्या, 'ऑल मेन'च्या जागी 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' करायला लावणाऱ्या. अठराव्यापाशी चार्ल्स मलिक, लेबनॉनचे, धर्म बदलण्याचंही स्वातंत्र्य त्यात राहावं म्हणून अडून बसलेले. 1948 चा कागद. इथली बाई आणि तिथला माणूस एका टेबलाशी बसून शब्दांवरून वाद घालत होते, आणि आता तू तिकडे चालली आहेस. मी खालच्या वाण्यालाही सांगून आलो, पोरगी बैरूतला असते म्हणून. 'असते' म्हणालो, तू अजून समुद्रावर असशील तेव्हा.

मेतकुटाच्या डब्याचं झाकण सैल आहे, मी रबर लावलाय. कपड्यांवर सांडलं असेल तर झटकून घे, लगेच पाणी लावू नकोस, हळदीचा डाग बसतो.

आणि हो, मघाशी चाचांचा फोन आला होता. पोहोचली का विचारत होते, मग बैरूतमध्ये कुठे, कोणत्या भागात, तिकडे खायला काय, असं बरंच. वीस मिनिटं बोलले. रविवारी येतो म्हणाले. मी म्हटलं, मेगाब्लॉक आहे. म्हणाले, तरी येतो.

तुझे,
बाबा